खंडेनवमीचं तेल

मित्रांनो, मी बाभळीची एक जुनी कुबडी आहे. दिसायला दणकट, पण जन्माची भित्री. टेंभुर्णीच्या तातेराव सुताराने मला घडवले, पायाला टायरचा तुकडा ठोकला आणि म्हणाला, "हिच्या भरवशावर माणूस उभं राहणार हाये." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरची ही गोष्ट. गिरिजाबाई बैलगाडीतून पडल्या आणि त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली. औरंगाबादेला ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. पण पुन्हा पडलात तर पाय कायमचा जाईल. झाले! चालायचीही भीती आणि न चालायचीही. "आधी कुबडी, मंग दुखरा पाय, मंग चांगला," असे पुटपुटत त्या ओसरीवर फिरत. त्यांच्या काखेत मीही जीव मुठीत धरून असे.

अशात खंडेनवमी आली. घरातली औजारे पूजेला मांडली. सून शिवकन्या मोठी भाविक. "आत्याबाईला हीच चालवती," म्हणत तिने विळ्या-कुऱ्हाडींशेजारी मलाही मांडले. हळदकुंकू वाहिले आणि लोखंडाला लावतात तसे तेल मला नखशिखांत चोळले. टायरलासुद्धा! एवढा मान मला कधी मिळाला नव्हता, पण मी पुरती हादरले. तोंड असते तर बोंब मारली असती.

गिरिजाबाईंनी मला शहाबादी फरशीवर टेकवले आणि मी सर्रकन निसटले. "अगं माय, पडले!" शिवकन्येने धावत येऊन त्यांना कवेत धरले. दोघी भिंतीवर आदळल्या. गुडघा वाचला.

"माझंच चुकलं, आत्याबाई," शिवकन्या रडू लागली.

गिरिजाबाईंनी मला ढकलून दिले. "आता न्हाई चालायची मी. बिलकुल न्हाई."

दिवाळी जवळ आली तरी त्या खाटेवरून उठेनात. गुडघा आखडत चालला. मी कोपऱ्यात पडून ते बघत होते. शेवटी एका सकाळी त्यांनीच हाक मारली, "शिवकन्ये, चुलीतली राख आण."

त्यांनी राखेने माझा तेलकट पाय घासला, बोट फिरवून पाहिले, पुन्हा घासला. "लई भेव वाटून राह्यलं, पोरी. हात सोडू नको."

"न्हाई सोडत."

त्या दिवशी आम्ही तिघी उंबरा ओलांडून अंगणात आलो.

पुढे गिरिजाबाईंना माझी गरज उरली नाही. आता गावात कुणाचा पाय मोडला की मला मागून नेतात. खंडेनवमीला कुणी तेलाची बुधली घेऊन आले, की अजून माझ्या उरात धडकी भरते. मित्रांनो, माझी पूजा नका करू. माझा पाय तेवढा कोरडा ठेवा.