सातव्या होलचा नाला

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. गोल्फ खेळणाऱ्या माणसाचं दुःख कोण ऐकून घेणार? लोक म्हणणार, पोट भरलं की असले चोचले सुचतात. पण ज्याची ही गोष्ट आहे तोच म्हणाला, "लिही. फक्त मला शहाणा करू नकोस." म्हणून लिहितोय, आणि शहाणा करत नाहीये.

तर हा माणूस कवळ्या बनवतो. दातांचा डॉक्टर नाही. डॉक्टर तोंडाचं माप घेतात आणि डबीत घालून याच्या लॅबमध्ये पाठवतात. हा प्लास्टर ओततो, मेण लावतो, एकेक दात बसवतो. एखादा दात केसभर जरी आधी टेकला तरी म्हाताऱ्या माणसाला घास चावता येत नाही. त्यामुळे केसभर म्हणजे नक्की किती, हे याला झोपेतही कळतं. मैदानावर सगळे त्याला कवळीवाला म्हणतात. वय बेचाळीस, पोट थोडं पुढे, बोलणं मोजकं. आई गेली त्या वर्षी तर तेही बंद झालं होतं.

मैदान साधंच. नऊ होलचं, सार्वजनिक, तिकीट काढलं की कोणीही खेळावं. याच्या वडिलांनी तिथं चौतीस वर्षं गवत राखलं. कापलं, पाणी घातलं, खत टाकलं, नाले खणले. खेळले एकदाही नाहीत. ऑफिसच्या पॅसेजमध्ये दर वर्षीच्या टीमचा फोटो लावतात. आठ माणसं नदीपलीकडच्या मोठ्या क्लबशी सामना खेळायला जातात, त्यांचा. प्रत्येक फोटोत पायाखाली बाबांचं गवत आहे. बाबा एकाही फोटोत नाहीत.

कवळीवाल्याच्या डोक्यात तेच बसलं. आपल्या घरातलं एक तोंड त्या भिंतीवर लागलं पाहिजे, आणि बाबांच्या डोळ्यांदेखत लागलं पाहिजे. बाबांची फुप्फुसं थकली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरायचं. डॉक्टर आता "बरे होतील" म्हणत नव्हते, "जपा" म्हणत होते.

टीममध्ये यायला हँडिकॅप बारा लागतो. हँडिकॅप म्हणजे, एखाद्या पक्क्या खेळाडूपेक्षा तुम्हाला अंदाजे किती फटके जास्त लागतात तो आकडा. जितका कमी तितके तुम्ही भारी. याचा होता एकोणीस. एकोणीसवाल्याला टीमची बॅगसुद्धा उचलायला देत नाहीत.

मग सुरू झालं. लॅब उघडायच्या आधी दीड तास मैदानावर. संध्याकाळी घरात, बाबांच्या पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या चिंचोळ्या जागेत, प्लास्टर कालवायचं रबरी भांडं आडवं ठेवून त्यात बॉल ढकलायचा. शंभर वेळा. बायको औषधांच्या दुकानात आठ तास उभी राहून यायची आणि पहिलं पाऊल नेमकं बॉलवर पडायचं.

"भांडं प्लास्टरचं, बॉल गोल्फचा आणि पाय तेवढा माझा," ती म्हणायची. "उद्या पडले तर दात तुम्हीच बसवा. फुकट."

"तुला पुढचे दोन सोन्याचे लावतो."

बाबा मास्कच्या आत हसायचे, मग खोकायचे.

आणि खेळ सुधारला. सुधारला म्हणजे काय, धावतच सुटला! एकोणीसचे सतरा, पंधरा, तेरा. यात मोठा हात हेडलाइटचा. हेडलाइट म्हणजे याचा शाळेपासूनचा मित्र. शाळेची बस चालवतो, आणि कुणाचाही हरवलेला बॉल झुडपातून काढून देतो, म्हणून हेडलाइट. बॉल हरवला की मागे जाऊन पुन्हा मारावा लागतो, वर एक फटका दंड. म्हणजे असा मित्र म्हणजे देवच. शिवाय या खेळात अंपायर नसतो. तुमचे फटके तुमच्या जोडीदाराने मोजायचे, कार्डावर लिहायचे, सही करायची. कवळीवाल्याचं कार्ड कायम हेडलाइटच लिहायचा. बॉलची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाची खूण असते. कवळीवाला साच्यावर लिहायच्या हिरव्या पेनाने तीन ठिपके द्यायचा.

त्या रविवारी बारा झाला. यादी लागायला सहा दिवस होते. हेडलाइटने सही करून कार्ड हवेत फडकवलं. "घे लेका, फोटोसाठी आत्तापासून पोट आत घ्यायला शिक!"

घरी येऊन त्याने बाबांना उशीला टेकवून बसवलं आणि एकेक होल वाचून दाखवला. बाबा डोळे मिटून ऐकत होते. बोटं चादरीवर फिरत होती, जणू गवत कापायचं मशीनच फिरवतायत.

"सातवा?"

"सातव्याला पाच. पहिला फटका उजवीकडे गेला होता, त्या तिरक्या झाडाच्या पलीकडे. पण सापडला."

बाबांनी डोळे उघडले. "झाडाच्या पलीकडे? सापडला?"

"हो. हेडलाइटला."

"मागेही एकदा म्हणाला होतास, तिथंच सापडला म्हणून."

"तीन-चारदा सापडलाय, बाबा."

बाबांनी मास्क बाजूला केला. चेहऱ्यावर काळजी होती, पण ती भलतीच. "मग नाला बुजलाय रे. तिथं उतार आहे, सगळं नाल्यात जातं आणि तिथून नदीत. मी जाळी मुद्दाम लावली नव्हती, कापलेलं गवत अडकून पाणी तुंबतं म्हणून. चौतीस वर्षांत तिथं पडलेला एक बॉल माझ्या हाताला लागला नाही. त्यांना सांग, आधी नाला उपसा. नाहीतर मुळं कुजतील."

मुलावर शंका घ्यायचं म्हाताऱ्याच्या मनातही आलं नाही. त्यांना गवताची काळजी लागली.

सोमवारी लॅब बंद करून कवळीवाला सातव्या होलला गेला. मनाशी म्हणत होता, बुजलेला असू दे. चिखल असू दे, पाला असू दे, कायपण असू दे. झाडापलीकडे गुडघ्यावर बसून त्याने गवत बाजूला केलं. नाला लख्ख. पाणी खळखळत होतं. त्याने खिशातला एक बॉल उतारावर सोडला. घरंगळला, टुपकन आवाज, गेला. दुसरा सोडला, गेला. तिसरा सोडायची काही गरज नव्हती. तोही सोडला.

तिथून तो घरी गेला नाही, लॅबमध्ये परत गेला. दाताच्या कडा तपासायला टेबलावर भिंग बसवलेलं असतं, दिवा लावलेलं. बॅगेत अकरा बॉल उरले होते. एकेक भिंगाखाली धरला. त्याचे ठिपके बारीक, पेन उचलताना प्रत्येकाला इवलीशी शेपटी येणारे. पाच बॉलवर तसे होते. उरलेल्या सहांवर जाड, गोल, दाबून दिलेले ठिपके. जड हाताचे. स्टिअरिंग धरणाऱ्या हाताचे.

आता मला सांगा, दात केसभर सरकला तर ओळखणारा माणूस. या माणसाच्या हातात वर्षभर परके बॉल येत होते, आणि याला दिसले नाहीत? दिसले नाहीत, कारण बघितले नाहीत. तो स्वतः हेच म्हणतो. झाकली मूठ होती, ती त्याला झाकलेलीच हवी होती.

मग कागद घेऊन त्याने हिशेब मांडला. हेडलाइटला वर्षभरात सापडलेले सगळेच बॉल हरवले असते तर हँडिकॅप किती झाला असता? पुन्हा मांडला. अठरा. वर्षभराच्या सकाळी, बायकोच्या ठेचा, रोजचे शंभर बॉल, आणि सुधारणा एका फटक्याची.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेमागच्या पटांगणात हेडलाइट बस झाडत होता. सीटखालून एक पाण्याची बाटली आणि एकच मोजा निघाला होता. कवळीवाला चढला, पहिल्या छोट्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसला आणि सहा बॉल शेजारी ठेवले.

हेडलाइटने झाडू थांबवला. "कुणी सांगितलं?"

"नाल्याने."

"आयला." तो समोरच्या सीटवर बसला. हातातला मोजा उलटासुलटा केला. "शनिवारी यादी लागते. एकदा लागली की कोण विचारतंय?"

"का केलंस?"

"तू भांडायला आला असशील तर भांड. का-बिका विचारू नकोस."

"का केलंस?"

"पहिल्यांदा खरंच शोधत होतो रे! नाही सापडला. तू काही न बोलता मागे चालायला लागलास. तुझी ती पाठ बघितली. तीच पाठ मी हॉस्पिटलात बघितली होती, तुझ्या आईच्या खोलीबाहेर. त्यानंतर सात महिने तू दार लावून बसलास. मी येऊन बेल वाजवायचो, वहिनी दार उघडायच्या, तू भिंतीकडे तोंड करून." त्याने नाक पुसलं. "खिशातला एक टाकला. ओरडलो, सापडला! आणि तू हसलास. सात महिन्यांनी हसलास, गाढवा. मग काय, सवय लागली. तुला नाही, मला."

"ठिपके कधी द्यायचास?"

"सिग्नलला. मुलांना वाटायचं काका चित्र काढतात."

कवळीवाल्याला हसू आलं नाही. रागही आला नाही, हीच पंचाईत. मारायला हात उचलावा तर आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"बाबांना म्हणालो होतो, फोटोत येईन," तो म्हणाला.

"ये ना मग! त्यांच्याकडे किती दिवस आहेत? तू तोंड बंद ठेव, मी ठेवतो. म्हातारा फोटो बघून सुखाने डोळे मिटेल. कुणाचं काय जातंय?"

खरंच, कुणाचं काय जात होतं? हा प्रश्न त्याने तीन दिवस चघळला. आठवी जागा त्याची नसती तर एका फळवाल्याची होती, त्याचा हँडिकॅप बारा, सरळ मार्गाने आलेला. त्याचं जात होतं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर फळवाल्यासाठी कवळीवाल्याची झोप उडालेली नव्हती. झोप उडाली ती बाबांच्या एका वाक्याने. रोज संध्याकाळी ते विचारायचे, "नाला उपसला का?"

शुक्रवारी तो ऑफिसात गेला. सेक्रेटरी मॅडम म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, चष्म्यावरून बघायची सवय अजून गेलेली नाही. मागच्या भिंतीवर नियमांचा फलक होता. खोट्या कार्डावर सही करणाऱ्याला मैदानावर कायमची बंदी, हा त्यातला चौथा.

"माझी वर्षभराची कार्डं रद्द करा, मॅडम. काही वेळा मी माझा नसलेला बॉल खेळलोय."

"किती वेळा?"

"सहा वेळा तर नक्की."

"सहाही वेळा चुकून?"

"मी बघितलं नाही. बघायला हवं होतं."

"आणि तुमचं कार्ड लिहिणाऱ्यानं?"

तो फलकाकडे न बघता म्हणाला, "त्याचं लक्ष माझ्याकडे होतं, मॅडम. बॉलकडे नव्हतं."

मॅडमनी चष्मा काढला. चाळीस वर्षं पोरांच्या थापा ऐकलेली बाई, तिला काय कळायचं राहतंय? पण त्यांनी पुढे विचारलं नाही. यादीतलं शेवटचं नाव पट्टी धरून सरळ रेषेत खोडलं. "हँडिकॅप परत एकोणीस. यंदा टीममध्ये नाही. पुढच्या वर्षी बघू."

म्हणजे जो एक फटका खरा होता, तोही गेला.

घरी बाबा जागेच होते. त्याने खुर्ची ओढली.

"बाबा, नाला बुजलेला नाही. साफ आहे."

मशीन घरघरत होतं. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. हळूहळू त्यांना सगळं कळत गेलं, आणि ते कळताना बघणं फार वाईट होतं. मग त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. हात हलका झाला होता, वाळक्या पानासारखा.

"मग बरंय," ते म्हणाले. "मुळं वाचतील." मग विचारलं, "यादीतून काढलं?"

"हो. पुढच्या वर्षी बघू म्हणाले."

"बघ हं," बाबा म्हणाले. 'बघू' नाही म्हणाले. आणि कुशीवर वळले.

बायको दारात उभी होती. तिने काहीच टोमणा मारला नाही. रबरी भांडं उचललं, धुतलं, जागेवर ठेवलं. त्या दिवशी त्याला तिचे टोमणे हवे होते.

शनिवारी यादी लागली. दुपारी हेडलाइट लॅबमध्ये आला. प्लास्टरची पूड उडते म्हणून तो कधी आत येत नाही, पण आज येऊन स्टुलावर बसला.

"माझं नाव का नाही घेतलंस?"

"घ्यायचं होतं?"

"मी जाऊन सांगतो."

"सांग. मग रविवारी मी कुणाबरोबर खेळू? फळवाल्याबरोबर? तो फटक्याफटक्याला भाव सांगतो."

हेडलाइटला हसायचं होतं, पण डोळे भरले. "तू येणारच नाहीस. मला माहितीये तुला. बाबांचं काही झालं की तू परत दार लावून घेशील, आणि या वेळी माझ्या खिशात टाकायला काहीच नाही."

कवळीवाल्याने हातातला मेणाचा सांगाडा खाली ठेवला. खोटा धीर द्यावासा वाटला. तसं बोलणं सोपं होतं, वर्षभर दोघांनीही तेच केलं होतं. बाबा जाणार हे त्याला माहीत होतं. कदाचित लवकरच.

"दार लावून घेईन," तो म्हणाला. "ते होणारच. तू बेल वाजव. पहिल्या दिवशी नाही उठणार मी, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः येऊन उघडेन. बोलणार नाही कदाचित, पण उघडेन. शब्द देतो तुला."