गिरज्याच्या आवारातला कोपरा

मुखेडहून जळकोटकडं जाताना फाट्यावरून आत वळलं की ते गाव लागतं. गावात निजामाच्या काळातला एक दगडी गिरजा. पादरी कधीचे गेले, चार ख्रिस्ती घरं होती ती पोटामागं उदगीरला गेली, आणि गिरज्यात पारवे राहायला आले. भाडं नाही दिलं त्यांनी, पण जागा ओस तरी पडू दिली नाही. गावानं तेवढंही केलं नव्हतं.

मग उदगीरची मंडळी आणि गाव एकत्र बसले आणि ठरलं. गिरजा दुरुस्त करायचा. क्रूस जागच्या जागी राहील, नाताळाला त्यांची प्रार्थना होईल, आणि वर्षभर गावाचं भजन, नाटक, वाचनालय, बचत गट, जे काय असेल ते तिथं. नाव ठेवलं सांस्कृतिक केंद्र. गाव मात्र गिरजाच म्हणायचं. नांदेडहून इरा नावाच्या तरुण आर्किटेक्ट बाई आल्या, छपरावर नवी कौलं चढली, भिंती चुन्यानं उजळल्या. सगळ्या गावाला हरीख झाला.

झोप उडाली ती एका मनकर्णाबाईची.

गिरज्याच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, तिचं पहिलं लेकरू होतं. बारशाच्या आधीच गेलेलं, म्हणून बिननावाचं. दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात; आणि पुरायला बाप जातो, आई जात नाही. ती तर बाळंतपणाच्या तापात बाजेवर पडलेली. नवरा अर्जुनराव रिकाम्या हातानं परत आला तेव्हा तिनं एवढंच विचारलं होतं, "कुत्री न्हाईत ना तिथं?"

"गिरज्याच्या आवारात ठिवलं," तो म्हणाला होता. "छातीएवढी भिंत हाय. कुत्रं काय, मांजर जात न्हाई."

त्या दिवशी ती पहिल्यांदा झोपली. पुढं सुदाम झाला, राजकन्या झाली, दोघांची लग्नं झाली, नातवंडं आली. पण दर अवसेला ती गिरज्यात जायची, कोपरा झाडायची, चिमूटभर साखर ठेवायची. मुंग्या खायच्या. तिला ते चालायचं, मुंग्या म्हणजे लहानच की. सरपंच झालेला पुतण्या शिवशंकर थट्टा करायचा, "काकू, येशूबाबानं तुला रोजंदारीवर ठिवलं का काय?"

"तुज्या ग्रामपंचायतीपरीस बरा हाय त्यो. झाडलेलं त्याला दिसतं तरी."

आता त्या सगळ्या आवारात फरशी बसणार होती. कार्यक्रमाला खुर्च्या मांडायला.

घराबाहेर जी गोष्ट तिनं कधी काढली नव्हती, ती तिनं इराला सांगितली. सांगताना लाजच वाटत होती, एवढी नातवंडं अंगाखांद्यावर खेळवून हे काय घेऊन बसले म्हणून. इरानं हातातला नकाशा गुंडाळून ठेवला.

"मावशी, तिथं नाही घालणार आपण फरशी. गोल आळं सोडू. झाड लावू. कुठलं लावायचं?"

"पेरूचं."

"पेरू? मला वाटलं प्राजक्त वगैरे म्हणाल."

"लेकराची जात, बाई. फुलं घिऊन काय करंल?"

शिवशंकर कुरकुरला, पण चार खुर्च्यांसाठी काकूशी वैर कोण घेणार? राहिलं फक्त जागा नेमकी दाखवायचं. ती अर्जुनरावालाच ठाऊक. त्याचा आज गुडघा दुखायचा, उद्या मुखेडचा बाजार असायचा, परवा शेळी विताना अडायची. बापाचं काळीज, जड जातंय, असं समजून मनकर्णाबाईनं शेवटी त्याला दंडाला धरूनच आणलं. त्यानं घाईघाईनं काठी टेकवली. "हितं."

देगलूरकडचा गवंडी नागप्पा पहार घेऊन उभाच होता. वरची माती निघाली, एक वीतभर. मग पहार टण्णकन वाजली. तो हातभर सरकला. पुन्हा टण्ण. आणखी सरकला.

"अक्का, सगळा कातळ हाय," घाम पुसत नागप्पा म्हणाला. "हितं खड्डा व्हायचाच न्हाई. कुणी केलेला बी न्हाई कदी."

इरा आनंदली. "म्हणजे पाया थेट कातळावर! तरीच किल्लारीच्या भूकंपात भिंतीला तडा गेला नाही!" तिनं फोटो काढायला मोबाइल वर केला, मनकर्णाबाईचा चेहरा तिच्या नजरेस पडला, आणि हात आपोआप खाली आला.

मनकर्णाबाई नवऱ्याकडं बघत होती. नवरा चपलेच्या अंगठ्याकडं.

"पण काकू," शिवशंकरानं तोंड उघडलं, "मंग लेकरू..."

"मीच चुकले, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ह्यांनी दुसरीकडं सांगितलं व्हतं. मी तापात, काय ऐकलं काय न्हाई. टाका तुमची फरशी. मांडा खुर्च्या."

आणि ती चालू लागली. अर्जुनराव मागून.

घरी सून होती, नातवंडं होती. म्हणून ती वाटेतल्या छोट्या पुलाच्या कठड्यावरच बसली. ऊन कलत होतं.

"कुठं?"

त्यानं काठी उचलून गावच्या तळ्याकडं केली. "ओढ्याच्या काठाला. तवा तळं झालं नव्हतं. तिथलीच माती मऊ व्हती. हातानं उकरलं."

आता तिथं दोन पुरुष पाणी होतं. ती त्या पाण्यात कितीदा कपडे धुऊन आली होती.

"मंग गिरजा कशाला म्हणलाव?"

"तू कुत्र्याचं इचारलंस. ओढ्याला कुठली भिंत असती?"

"इतकी वर्सं मी दगूड झाडून राहिले! येकदा तरी सांगायचं."

"सांगनार व्हतो. लईदा. पर झाडून आलीस की तू जेवायचीस."

भांडायचं तिच्या मनात भरपूर होतं, पण सुरुवात कुठून करावी ते कळेना. मग तिनं विचारलं, "उघडंच ठिवलंव का?"

"न्हाई. दोरीवर तुजं हिरवं लुगडं व्हतं. त्यात."

हिरवं लुगडं! ते जाऊबाईनं, अयोध्येनं, लंपास केलं असं म्हणून मनकर्णाबाई जन्मभर तिच्याशी धड बोलली नव्हती. मी घेतलं न्हाई, असं अयोध्या खंडोबाची आण घेऊन सांगायची. अयोध्या गेल्या साली वारली.

"नवं व्हतं ते," मनकर्णाबाई म्हणाली.

"हाव."

"काठाचं व्हतं."

"काठ वर घेतला व्हता." अर्जुनरावानं स्वतःच्याच हनुवटीवर बोट टेकवून दाखवलं. "हितपर्यंत."