माझी दाराकडची बाजू

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. अझ्रूच्या डोंगरातल्या अक्रोडाच्या एकाच बुंध्यातून मला कोरलं. सेफ्रू गावात लल्ला यामना नवी नवरी म्हणून आली, तेव्हा तिच्या सामानात मी होते.

रोज सकाळी ती माझ्यात कणीक मळायची, मग भाकऱ्या फळीवर मांडून गल्लीच्या भट्टीवर जायच्या. पण माझा खरा मान शुक्रवारचा. तिचे तळवे माझ्या अंगावर गोल गोल फिरत रवा वळायचे. दुपारच्या नमाजानंतर त्याच रव्याचा वाफवलेला कुसकुस माझ्यात डोंगरासारखा रचला जाई. वर भोपळा, गाजर, सलगम, चणे आणि मधोमध मांस. सगळे माझ्याभोवती बसत, बिस्मिल्ला म्हणत आणि ज्याने त्याने आपल्यासमोरचंच खायचं. यजमान सी अल्लाल भिंतीला टेकून बसत, मुली खिडकीकडे, आणि धाकटा मिलूद दाराकडे. त्याचा हात सारखा मधे जाई.

"दुसऱ्याच्या शेतात नांगर घालू नकोस रे," सी अल्लाल म्हणत. "मांस काही पळून जात नाही."

जेवणं झाली की लल्ला यामना मला पुसून ऑलिव्हचं तेल चोळायची. शेजारणी म्हणायच्या, हिच्या काठवटीतला रवा मोकळा होतो, आम्हाला दे ना एक दिवस. ती देत नसे.

मग मुली सासरी गेल्या. सी अल्लालना लोक खांद्यावरून घेऊन गेले. मिलूदला कासाब्लांकाच्या बंदरात नोकरी लागली. शेजारीही एकेक करून नव्या वस्तीत राहायला गेले. त्यांच्या घरांत आता गोदामं आहेत.

तरी शुक्रवारी ती मलाच काढते. मिलूद फोनवर चेहरा दाखवतो. एकदा तो म्हणाला होता, "अम्मा, तू एकटी जेवतेस असं मनात आलं की माझा घास उतरत नाही." त्या दिवसापासून ती सांगत आली, की शेजारणी आल्या होत्या, आत्ताच हात धुवायला उठल्या. एकटी असूनही ती फक्त आपल्यासमोरचंच खाते. उरलेलं झाकून मशिदीच्या दाराशी बसणाऱ्यांना पाठवते.

मागच्या महिन्यात मिलूदची लेक हिबा फोनमध्ये डोकावली. लहान मुलांच्या नजरेतून काही सुटत नाही.

"आजी, कुसकुसात खड्डा एकाच बाजूला कसा? बाकीचे जेवलेच नाहीत का?"

लल्ला यामनाने फोन पटकन छताकडे फिरवला. म्हणाली, बायका आज उशिरा येणार आहेत. पलीकडे मिलूदने हिबाला हळूच मागे ओढलं.

पुढच्या शुक्रवारी फोन वाजायच्या आधी तिने चमचा घेतला. भिंतीकडे एक खड्डा केला, खिडकीकडे दोन. दाराकडे मोठा केला, थोडा मधे सरकलेला. तिथला कुसकुस स्वतःकडे ओढून घेतला. चमच्याची धार मला चारही बाजूंनी लागली. किती वर्षांनी लागली!

फोनवर हिबाने टाळ्या वाजवल्या. मिलूद हसला. "आज छान जेवले सगळे. बरं अम्मा, मला कामावर निघायचंय." फोन लवकर बंद झाला.

आता ते अन्न उष्टं दिसत होतं, मशिदीत कसं पाठवणार? ती ते तीन दिवस गरम करून खात राहिली.

तिची बोटं आता आखडली आहेत. तिच्या बाजूला मला तेल लागतं, पलीकडे तिचा हात पोचत नाही. म्हणून भेग पडलीय ती दाराकडच्या बाजूला. अजून कुणाला दिसलेली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी लाकडी वस्तू असेल. तिला तेल लावा. आणि लांब राहणाऱ्या आपल्या माणसाने फोनवर भरलेलं ताट दाखवलं, तर तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. एकदा जाऊन त्या ताटाच्या रिकाम्या बाजूला बसा. माझी दाराकडची बाजू अजून तशीच आहे, आणि शुक्रवारी दाराला कडी नसते.