चौथी केबल

इंद्रभानने चौथ्या केबलचा ताण पुन्हा मोजला आणि हर्षलने दिलेला काम पूर्ण झाल्याचा कागद सही न करताच त्याला परत केला.

नांदुऱ्यातल्या नव्या दवाखान्याची दर्शनी भिंत सगळी काचेची होती. छतापासून जमिनीपर्यंत ताणलेल्या आठ पोलादी केबलींनी चोवीस काचा धरून ठेवल्या होत्या. मध्ये ना खांब, ना चौकट. अशा भिंती उभ्या करण्यात इंद्रभानची बावीस वर्षं पुण्या-हैदराबादेत गेली होती. आपल्या जिल्ह्यातलं हे पहिलंच काम. उद्घाटन रविवारी होतं आणि आज शुक्रवार.

हर्षल साइटवरचा इंजिनिअर, माणूस तसा भला. केबल सैल पडली असेल तर आणखी ताणा आणि सही करा, एवढंच त्याचं म्हणणं. इंद्रभानने ती तीन दिवसांत तीनदा ताणली होती.

"ताणली का सकाळी पुन्हा ढिली होते, साहेब. केबल चांगली आहे. खालचा बीमच बोल्ट धरून नाही राह्यला," तो म्हणाला. "इथं पेशंट बसतीन. मी सही नाही करत."

हर्षल चिडला. दुसरा माणूस बोलावतो म्हणाला. इंद्रभानने वाद घातला नाही. केबल खालच्या बीमला जिथे जखडली होती, तिथे लोखंडी पट्टी आणि काँक्रीट या दोन्हींवरून त्याने पेन्सिलीने एक सरळ रेघ ओढली आणि सकाळपर्यंत थांबा म्हणाला.

शनिवारी सकाळी त्याने दवाखान्याचे मालक डॉक्टर नारायणराव यांनाही बोलावून घेतलं. तिघं गुडघ्यांवर बसले. रेघ तुटली होती. पट्टीवरचा तिचा तुकडा ज्वारीच्या दाण्याएवढा वर सरकला होता.

पत्रिका वाटून झाल्या होत्या. डॉक्टरांनी, आता काय करायचं, असं विचारलं.

"काचा उतरवू," इंद्रभान म्हणाला. "उद्घाटन बाजूच्या दारातून होईन."

अख्खा दिवस गेला. आपणच बसवलेली एकेक काच इंद्रभान सोडवत होता. दुपारनंतर हर्षल न बोलावता येऊन दुसऱ्या बाजूने काच धरू लागला. दोघं कामापुरतंच बोलले.

रविवारी जानेफळहून एसटीने इंद्रभानची बायको धम्मशीला आली. नवऱ्याचं काम बावीस वर्षांत तिने फक्त मोबाइलवर पाहिलं होतं. भाषणं झाली, सत्कार झाले. काचेचा विषय कोणी काढला नाही. पाहुणे जेवायला गेल्यावर ती इंद्रभानजवळ आली.

"काच कुठी आहे?"

"उतरवली."

"काऊन?"

त्याने सगळं सांगितलं. पुन्हा कधी बसवणार, तेव्हा आपल्यालाच बोलावतील की नाही, हे माहीत नाही, तेही सांगितलं. मग तिने विचारलं, "कुठवर होती?"

इंद्रभानने हात वर करून दाखवलं. ती मोकळ्या केबलींपाशी जाऊन उभी राहिली आणि खालच्या काचेच्या जागेपासून अगदी वरच्या काचेच्या जागेपर्यंत सावकाश पाहत गेली.