सोनेरी कार्डाची पंगत

प्रेमानंद रंगारी यांनी रेल्वेत टीसी म्हणून चौतीस वर्षं काढली. त्या चौतीस वर्षांत त्यांनी एसीच्या डब्यातून जितकी माणसं खाली उतरवली, तितक्यांत तालुक्याचं एखादं गाव सहज वसलं असतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. कोणाच्या रिसेप्शनला गेले तरी शेजारच्याला विचारायचे, "तुमी कोनाकडून?" उत्तर पटलं नाही तर त्याच्या ताटाकडे टक लावून बसायचे.

अशा माणसाला मुलीनं जहाजाची सहल भेट दिली.

मुलगी पायल आणि जावई हेमराज पुण्याला नोकरीला. त्यांनी प्रेमविवाह केला तेव्हा दोन्हीकडच्या भाऊबंदांनी तोंडं वाकडी केली होती. रंगारी बौद्ध, हेमराजचं घराणं विणकर कोष्ट्यांचं. आईबापांनी मात्र फार खळखळ केली नाही. त्याची परतफेड म्हणून लग्नाच्या तिसऱ्या वर्षी पोरांनी चौघांनाही एकत्र समुद्रावर धाडायचं ठरवलं. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीप, गोवा, परत मुंबई. शेजारीशेजारी दोन खोल्या, दोन्ही एकाच वर्गाच्या. यात उजवं-डावं अजिबात नको, असं पायलनं बजावलं होतं. तिला आपला बाप माहीत होता.

निघण्याआधी सीताबर्डीवरच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात चौघांना समजावून सांगायला बोलावलं. प्रेमानंद, त्यांची बायको पार्वतीबाई, आणि हेमराजचे आईवडील, म्हणजे त्यांचे व्याही-विहीण, नागपुरी भाषेत ईवाई जागेश्वर सोनकुसरे आणि ईनबाई भागीरथा. जागेश्वरांच्या वडिलांचे गोळीबार चौकात चार हातमाग होते. माग बंद पडले तेव्हा जागेश्वरांनी त्याच जागेत बिछायत केंद्र काढलं. मांडव, खुर्च्या, गाद्या, जेवणाची टेबलं भाड्यानं द्यायची. अर्ध्या पूर्व नागपूरची लग्नं त्यांच्या खुर्च्यांवर लागली होती.

ऑफिसातल्या श्वेता नावाच्या मुलीनं चित्राचा कागद पसरला, पण प्रेमानंदांनी तिला बोलूच दिलं नाही.

"हे पाहा ईवाई, सोप्पं हाय. आतली खोली म्हणजे स्लीपर. खिडकीवाली म्हणजे थर्ड एसी. बाल्कनीवाली म्हणजे सेकंड एसी. आन् वरचं ते स्वीट म्हणजे फर्स्ट क्लास."

"आपली कोनती?" जागेश्वरांनी विचारलं.

"आतली."

"तिले खिडकी नाही?"

"नाही."

"मंग स्लीपर कशी जी? स्लीपरले तर खिडकी असते."

पार्वतीबाई म्हणाल्या, "मंग आपन लगेजच्या डब्यात हावो."

"आन् स्वीट म्हणजे गोडाची खोली का वं?" भागीरथाबाईंनी श्वेताला विचारलं. श्वेतानं हसू दाबलं आणि पुढचं सांगितलं. खोलीचं कार्ड हीच चावी आणि तेच जेवणाचं तिकीट. आतल्या खोलीला निळं कार्ड. निळ्या कार्डावर मोठ्या हॉलमध्ये बुफे, हवं तितकं खा. स्वीटवाल्यांना सोनेरी कार्ड. त्यांचा जेवणाचा हॉल वेगळा, सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिथं कधीही जा, टेबलावर बसून मागवा, वाढायला माणूस.

"भटारखाना तर एकच असंन ना?" जागेश्वरांनी धंद्याचा प्रश्न विचारला.

"एकच आहे काका. पण वर प्लेट वेगळी असते."

"पाह्यलं?" जागेश्वर ईवायाला म्हणाले. "सारा खेळ प्लेटीचा हाय."

मुंबईच्या बंदरावर चौघं रांगेत उभे राहिले आणि इथं घोळ झाला. सोनकुसऱ्यांच्या खोलीतला एसी गळत होता, पलंग ओला झाला होता. जहाज भरलेलं. आतली दुसरी खोली शिल्लक नव्हती, होतं ते एक स्वीट. काउंटरवरच्या माणसानं दिलगिरी व्यक्त केली आणि जागेश्वरांच्या हातात दोन सोनेरी कार्डं ठेवली. प्रेमानंदांच्या हातात दोन निळी.

फुकटात वरचा वर्ग कसा मिळतो हे प्रेमानंदांइतकं भारतात थोड्याच लोकांना ठाऊक असेल. जागा रिकामी असली की टीसीची मर्जी. ती मर्जी त्यांनी शेकडो लोकांवर केली होती, पण त्यांच्यावर कोणी केली नव्हती. आपल्या खोलीत शिरल्याबरोबर ते एसीखाली तळहात धरून उभे राहिले. थेंब पडेल तर शपथ.

"काय करून राहिले?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"काही नाही. हवा पाहून राहिलो."

संध्याकाळी जागेश्वरांनी मोठ्या मनानं बोलावलं, "चाला जी, आमच्यासंगं वर जेवा." चौघं वर गेले. दारातल्या उंच माणसानं चारही कार्डं मशीनला लावली आणि निळी दोन परत केली. "सॉरी सर, हा हॉल फक्त स्वीटच्या गेस्टसाठी."

वाक्य सभ्य होतं. चौतीस वर्षं तेच वाक्य प्रेमानंद स्वतः म्हणत आले होते, आणि त्यात 'सॉरी'ही नसायचं. तरी कान तापले. त्यांचे वडील धोंडबा पारशिवनीकडच्या एका गावचे. लहानपणी लग्नाच्या पंगतीला त्यांना मांडवाच्या बाहेर बसवत आणि वरून वाढत. छप्पन्न साली नागपुरात दीक्षा घेतली आणि धोंडबांनी गावात जाहीर केलं की आता मांडवात बसवत असाल तरच येईन. पुढं तीस वर्षं ते गावात कोणाच्या लग्नाला गेले नाहीत. तो इतिहास वेगळा आणि हे कार्ड वेगळं, हे प्रेमानंदांना कळत होतं. पण जेवणाच्या दारात अडवलं की त्यांच्या डोक्यात फरक राहत नसे.

"मी जेवत नाही," ते म्हणाले आणि उपाशी राहायच्या तयारीनं खाली आले. ईवाई-ईनबाईही वर न जेवता त्यांच्यामागून उतरले. पार्वतीबाईंनी बुफेत तीन वेळा वाढून घेतलं. दवाखान्यात नर्स म्हणून तीस वर्षं गार डबा खाल्लेल्या बाईला गरम जेवणाशी वाद घालायचा नव्हता. "छोले पाहा कसे झाले," त्या म्हणाल्या. शेवटी प्रेमानंदांनी छोले पाहिले, मग खाल्ले.

दुसरा दिवस नुसत्या समुद्राचा. सकाळी जागेश्वर त्यांना डेकवर गाठून कानात म्हणाले, "ईवाई, दुपारी माह्यं कार्ड घेऊन तुमी वर जा. रात्री मशीनले लावते, दिवसा नुसता रंग पाहते. सकाळपासून ध्यानात ठेवून राहिलो."

म्हणजे दिवसाचं चेकिंग ढिलं. प्रेमानंदांमधला टीसी आधी चिडला, मग त्यानं विचार केला. "आन् तुमी?"

"मले तो बुफे पाहाचा हाय. दोन हजार मानूस जेवते आन् भाजी गार होत नाही. खालून काय लावलं असंन? हे समजलं तर आपल्या धंद्यात लय काम येईन."

"ईनबाई?"

"ते येते तुमच्यासंगं. एकटा गेले तर कोनी विचारंन."

चौतीस वर्षांत प्रेमानंद एकदाही विदाउट, म्हणजे बिनतिकिटाचे, गेले नव्हते. त्यांनी बायकोला विचारलं. पार्वतीबाई म्हणाल्या, "जा ना. लोकाइले लय उतरवलं, एक बार चढूनबी पाहा."

तर दुपारी एक वाजता प्रेमानंद रंगारी इस्तरीचा शर्ट घालून, खिशात ईवायाचं कार्ड घेऊन, ईनबाईसोबत वरच्या हॉलच्या दारात उभे राहिले. दारात आज एक मुलगी होती. छातीवरच्या पट्टीवर नाव मयुरा, बोलणं कोकणातलं. तिनं सोनेरी रंग पाहिला, कार्डांवरची नावं हातातल्या यादीत शोधली आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "या या काका, काकू! तुमचीच वाट बघत होतो."

आपली वाट कोण कशाला बघेल, हा प्रश्न कसलेल्या टीसीला पडायला हवा होता. पण पांढरी चादर घातलेलं टेबल आणि काचेतून दिसणारा समुद्र पाहून त्यांना भान राहिलं नाही. जेवण आलं. परातीएवढ्या ताटात मधोमध रुपयाएवढं पनीर आणि त्यावर कोथिंबिरीचं एकच पान.

"हे चाखाले दिलं असंन," भागीरथाबाई म्हणाल्या.

"हेच जेवन हाय, ईनबाई."

दोघांनी ते दोन घासांत संपवलं. नंतर आणखी एक मोठं ताट आलं, त्यात आणखी लहान काहीतरी. भागीरथाबाई एरवीही कमी बोलायच्या, आज जरा जास्तच गप्प होत्या. त्या समुद्राकडे बघत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "आज आमच्या लग्नाले पस्तीस वर्सं झाले जी."

प्रेमानंदांचा चमचा थांबला. "ईवाई काही बोलले नाही."

"त्याइच्या ध्यानात असंन तं बोलतीन ना. सीजनमधी लगन केलं आमी. दुसऱ्याचा मांडव घातला की त्याइले ते लगन याद राह्यते, आपलं नाही."

प्रेमानंद उठणारच होते. ईवायाला वर पाठवावं, आपण खाली जावं. पण तेवढ्यात दिवे मंद झाले आणि स्वयंपाकघराच्या दारातून सहा वाढपी टाळ्या वाजवत बाहेर आले. पुढं मयुरा, हातात केक. हेमराजनं फॉर्म भरताना आईबापांच्या लग्नाची तारीख लिहिली होती. सगळा हॉल गाऊ लागला. फोटोवाला खाली वाकून म्हणाला, "अंकल, थोडा पास बैठिये आंटी के." मयुरानं दोघांच्या हातात मिळून एक सुरी दिली आणि घाबरलेल्या दोन हातांनी केक कापलाही गेला. फोटोवाल्यानं नेम साधला. "अब अंकल आंटी को खिलायेंगे!"

केकचा तुकडा प्रेमानंदांच्या बोटांत आला. समोर ईनबाई, पदर डोक्यावर, डोळे पाण्यानं भरलेले. ते पाणी हसण्याचं होतं की कसलं, कळायला मार्ग नव्हता. प्रेमानंदांनी तुकडा ताटात ठेवला आणि उभे राहिले.

"थांबा," ते म्हणाले. "मी ह्यांचा मालक नाही. मी ईवाई हाय. मी विदाउट हावो."

गाणं विरलं. मयुरानं भागीरथाबाईंकडे पाहिलं. "काकू, मग काका कुठे आहेत?"

"खाली," भागीरथाबाई म्हणाल्या. "भांडे पाहून राहिले."

पलीकडच्या टेबलावरची एक बाई फिस्सकन हसली, आणि मग हॉल थोपवता आला नाही. मयुराही हसायला लागली. "काका, जाऊ दे. केक कापून झालाय. बसा, जेवा."

"नाही," प्रेमानंद ताठ होते. "दंड किती ते सांगा. पावती फाडा."

"आमच्याकडे पावतीपुस्तक नसतं."

"मंग लोकं सुधरतीन कशे?" त्यांनी खऱ्या काळजीनं विचारलं.

भागीरथाबाईंनी डोळे पुसले आणि केकचं ताट उचललं. "चाला जी, भूक लागली मले," म्हणत त्या तरातरा जिना उतरू लागल्या. मागून प्रेमानंद, त्यांच्या मागून ताटाच्या काळजीनं मयुरा.

खाली बुफेत जागेश्वर गुडघ्यावर बसून टेबलाखाली डोकं घालून होते. शेजारी पार्वतीबाई जिलेबी खात त्यांना हवी ती माहिती देत होत्या. "पानी हाय खाली, पानी. वरून वाफ दिसून राहिली."

जागेश्वर बाहेर आले ते खुशीत. केक पाहून म्हणाले, "कोनाचा हॅपी बर्थडे?"

पार्वतीबाईंनी केकवरची अक्षरं वाचली. 'जागेश्वर' मधोमध कापलं गेलं होतं, 'भागीरथा' शाबूत होतं. जागेश्वरांनी खिशातला मोबाइल काढून तारीख पाहिली, मग बायकोकडे पाहिलं, मग पुन्हा तारीख पाहिली. तारीख काही बदलली नाही.

भागीरथाबाईंनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "ईनबाई, तुमची बॅग उचला. आपन दोघी वर राहू. ह्या दोघाइले राहू द्या त्या लगेजच्या डब्यात."

"हाव," पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांना दोनदा विचारावं लागलं नाही.

हा बदल काउंटरवर रीतसर झाला. अर्ज प्रेमानंदांनीच भरला, सुवाच्य अक्षरात, कारण कार्डावर एकाचं नाव आणि आत दुसराच माणूस, हे त्यांना आता एक मिनिटही खपलं नसतं.

खिडकी नसलेल्या खोलीत दोन ईवाई शेजारीशेजारी पलंगांवर बसले. दिवस की रात्र, आतून काही कळत नव्हतं.

"तुमी काहून सांगतलं नाही जी मले?" जागेश्वर म्हणाले.

"मले काय माहीत तुमच्या लग्नाची तारीख?"

"तेबी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षद्वीपजवळ मोबाइलला थोडी रेंज आली आणि लगेच हेमराजचा फोन. जहाजवाल्यांनी फोटो त्याच्या ईमेलवर धाडला होता. "बाबा, आईसंगं पायलचे बाबा केक कापून राहिले. तुमी कुठं होते?"

जागेश्वरांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण शेजारी माजी टीसी बसलेले. "टेबलाखाली होतो," ते म्हणाले.

पलीकडून पायलचं खिदळणं ऐकू आलं, आणि रेंज गेली.

दुपारभर जागेश्वर पाठ करत बसले. पस्तीस वर्षांत बायकोची माफी मागायची वेळ आली नव्हती असं नाही, पण सवड मिळाली नव्हती. शेवटी त्यांनी खोलीतला फोन उचलून वरचा नंबर लावला. "भागीरथा, आयक. माह्यं चुकलं. मी..."

"आत्ता नाही जी," तिकडून भागीरथाबाई घाईनं म्हणाल्या. "मोठे मासे उड्या मारून राहिले. ठेवा."

दोघं धावत उघड्या डेकवर गेले. मासे गेले होते. पण रेलिंगबाहेर वाकून मान वर केली तर वरच्या बाल्कनीत दोन बाया पाय पसरून बसलेल्या दिसल्या, मधल्या टेबलावर चहाची किटली. जागेश्वरांनी हात हलवले, ओरडले, सगळं पाठ केलेलं वाऱ्यात म्हणून टाकलं. भागीरथाबाईंना शब्द ऐकू आले असतील की नाही, देव जाणे. त्यांनी कपाळावर तळवा धरून खाली पाहिलं. मग बशीतलं बिस्किट उचलून नवऱ्याला दाखवलं, आणि स्वतः खाल्लं.

"हासली का जी?" जागेश्वरांनी विचारलं.

"हासल्या," प्रेमानंद म्हणाले. एवढ्या अंतरावरून त्यांनाही नीट दिसलं नव्हतं. "चाला, खाली चार वाजताचे भजे निंघाले असतीन."