मागच्या चौकातली गरम हवा

मित्रांनो, इस्त्रीच्या टेबलाशेजारी उशांच्या अभ्र्यांची चळत दिसते ना, तिच्याखाली वाकून पाहा. गंजलेल्या पत्र्याचे एक खोके दिसेल, पुढची जाळी एका कोपऱ्यात पिचलेली. तोच मी. एका लहानशा हॉटेलातला जुना एसी. आता माझ्या अंगात वीज खेळत नाही, पण जे पाहिले ते सांगण्यापुरता जीव अजून शिल्लक आहे.

कारखान्यात माझे सुटे भाग जोडले गेले तेव्हाचे फारसे आठवत नाही. आठवते ते अण्णांनी मला जिन्याजवळच्या खोलीच्या खिडकीत बसवले तिथपासून. हे हॉटेल अण्णांनीच उभे केले. पुढे रस्ता, वर दोन मजले, आणि मागे चारी बाजूंनी भिंतींनी वेढलेला अरुंद चौक. त्या चौकाकडे एकच खिडकी उघडे, ती तळाच्या धुलाईच्या खोलीची. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊबदार हवा देणारे यंत्र तेव्हा त्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाकडे नव्हते. शेजारपाजारची माणसे नुसती माझ्यासमोर हात धरायला येत.

अण्णांची एक रीत होती. हॉटेलसाठी खुर्ची आणा, बादली आणा, नाहीतर पडदा आणा, ते आधी स्वतः पाहुणा होऊन त्या खोलीत जात. चपला काढून पलंगावर अंग टाकत. "पाहुण्याच्या जिवाला काय लागतं, ते पाहुणा झाल्याशिवाय कळत नाही," असे ते मुलांना बजावत. माझी परीक्षा घ्यायला आले आणि चक्क घोरू लागले. तेच माझे प्रशस्तिपत्र.

त्यांच्या मुलीला सगळे ताई म्हणत आणि धाकट्या मुलाला भाऊ. दोघांची आई लवकर गेली. तेव्हा तिची बहीण, म्हणजे मुलांची मावशी, चार दिवस पोरांना सांभाळायला म्हणून आली आणि जन्माची इथलीच झाली. पोरे मोठी झाल्यावर तिने धुलाईची खोली हाती घेतली. तिने घडी घातलेली चादर उलगडायला पाहुणे बिचकत. ऋतू बदलला की ती वर येऊन माझी जाळी काढी आणि नळाखाली धरून म्हणे, "चल रे बाबा, तोंड धुऊन घे." माझ्याशी असे बोलणारे माणूस तिच्याआधी नव्हते, तिच्यानंतरही नाही.

पण वय कुणाला चुकले आहे? माझे हाडन् हाड खिळखिळे झाले. सुरू होताना खिडकीच्या काचा थरथरत. मी वीजही अधाशासारखी खाऊ लागलो. एकदा एक फिरता विक्रेता सकाळी डोळे चोळत खाली आला.

"ताई, खोलीत एसी ठेवलाय की पिठाची गिरणी? झोपायचं भाडं घेता, दळणाचं वेगळं लावणार का?"

ताई हसली, पण तिचा चेहरा उतरला. तो विक्रेता पुन्हा आला नाही. असे कितीतरी पाहुणे समोरच्या नव्या हॉटेलात जाऊ लागले.

अण्णा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात बहीण-भावाने ठरवले की आता नवी यंत्रे घ्यायची, आवाज न करणारी आणि कमी वीज खाणारी. दोघांनी ते काम मन लावून केले, हे मी सांगितलेच पाहिजे. चार दुकाने पालथी घातली. शेवटी नमुन्याचे एक यंत्र माझ्याच खोलीत बसवून घेतले आणि अण्णांच्या रीतीप्रमाणे पाहुणे होऊन बसले. ताई पलंगावर, भाऊ खुर्चीत.

"चालू आहे का रे हे?"

"हात धर की समोर."

"अगं बाई! चालू आहे!"

"ताई, यापेक्षा तुझा श्वास जास्त वाजतो."

"आणि तुझं पोट? मघापासून वाजतंय ते?"

दोघे पोट धरधरून हसले. खूप दिवसांनी त्या खोलीत हसू फुटले होते. मलाही बरे वाटले. म्हाताऱ्याने जागा सोडायची ती अशा वेळी.

सगळ्या खोल्यांची यंत्रे बसवायला आलेल्या मिस्त्रीने विचारले, "आतला भाग भिंतीवर जाईल. बाहेरचे डबे कुठे लावू? गच्चीवर, की मागच्या चौकात?"

"गच्चीवर नको, नळ्या लांब जातील, भिंती फोडाव्या लागतील," भाऊ म्हणाला. "आणि रस्त्याकडे लावलं तर पाहुण्यांना आवाज येईल. चौकातच लावा. तिकडे कुणाची खोली नाही."

ताईने होकारार्थी मान हलवली. ज्या मावशीच्या मांडीवर दोघे वाढले, ती दिवसभर त्याच चौकाच्या खिडकीत उभी असते, हे दोघांच्याही ध्यानात आले नाही. पाहुणा होऊन सगळे हॉटेल पाहायला शिकलेली मुले ती. पाहुणा जिथे जात नाही, तिथे त्यांची नजरही जात नसे.

मला खिडकीतून उतरवले. भाऊ मला भंगारात देणार होता. मावशी म्हणाली, "असू दे रे. अण्णांनी आणलेला आहे. मला टेकायला होईल." म्हणून मी इथे आलो.

तो हिवाळा सुखाचा गेला. वर खोल्या ऊबदार आणि बाहेरचे डबे चौकात गार वारा सोडत. इस्त्री आणि उकळत्या पाण्यात जन्म काढलेल्या मावशीला तो वारा मानवला. "तुमच्या यंत्रानं माझंही भलं केलं गं," ती ताईला सांगे. "पाहुणे वर, आणि थंड हवेचं ठिकाण माझ्याकडे!"

मित्रांनो, आम्ही यंत्रे उष्णता संपवत नाही. एका जागची उचलतो आणि दुसऱ्या जागी टाकतो. उन्हाळा लागला आणि तेच डबे वरच्या साऱ्या खोल्यांची उष्णता चौकात ओकू लागले. चौकातून तिला बाहेर पडायला वाट नव्हती. खिडकी उघडावी तर भट्टीचे तोंड, मिटावी तर आतल्या वाफेने जीव गुदमरावा. आणि खोल्यांत जो आवाज नव्हता, तो सगळा इथे होता. दिवसभर नुसती घरघर.

ताई टॉवेल न्यायला दारापर्यंत येई. "मावशी, फार उकडतंय का गं?"

"इस्त्रीची खोली आहे ही, बर्फाचा कारखाना नव्हे. तू वर बघ, पाहुणे खोळंबलेत."

थंडीत तोंडभरून कौतुक केलेल्या यंत्राला आता नावे कशी ठेवायची? कितीतरी वर्षांनी हॉटेल भरले होते. पोरांच्या तोंडावरचा आनंद तिला मोडायचा नव्हता. भाऊने एक पंखा आणून दिला. तो तीच तापलेली हवा फिरवत राहिला. मावशी डोक्यावर ओले फडके बांधून काम करी. मधूनच माझ्यावर बसे आणि तळवा माझ्या पत्र्यावर टेकवी. एके काळी पाहुण्यांना गारवा देणारा मी, तिला एक झुळूकही देऊ शकत नव्हतो.

त्या दुपारी वर सगळ्या खोल्या भरलेल्या होत्या. मावशीच्या अंगावरचा घाम सुकला. मला वाटले, तिला बरे वाटते आहे. तिने इस्त्री तशीच चादरीवर ठेवली, दाराकडे पाहिले आणि हळूच विचारले, "आक्का, पोरं झोपली का गं?"

आक्का म्हणजे तिची बहीण, कधीची देवाघरी गेलेली. दारात कुणीही नव्हते. मग ती टेबलाच्या कडेने खाली घसरली.

पडल्याचा आवाज झाला, पण त्या घरघरीत तो वर जाणार कसा? जळक्या कापडाचा वास जिन्यापर्यंत गेला, तेव्हा भाऊ धावत आला. "मावशी! अगं मावशी, डोळे उघड ना!" तिला उचलून नेले. उष्माघात आहे, फार उशीर झाला, असे डॉक्टर म्हणाले. मावशी परत आली नाही.

तेरावा दिवस उजाडायच्या आधीच भाऊने मिस्त्रीला बोलावले. डबे गच्चीवर गेले. मिस्त्रीने हत्यारे पिशवीत भरली.

"झालं?" भाऊने विचारले.

"झालं की. मोठं काम नव्हतंच ते."

ताई धुलाईच्या खोलीच्या उंबरठ्यावर बसली होती. "एका सकाळचं काम होतं रे," एवढेच ती म्हणाली. भाऊ तिच्याकडे पाहू शकला नाही.

आता चौक शांत आहे. इस्त्रीला नवी बाई आली आहे. पहिल्याच दिवशी खिडकी उघडून ती म्हणाली, "किती हवेशीर खोली आहे हो तुमची!" ताईने तोंड फिरवले.

मित्रांनो, माझे आता थोडे दिवस उरलेत. तुम्ही मोठे व्हाल, घरात, कचेरीत, हॉटेलात यंत्रे बसवाल. आवाज कमी पाहा, वीज कमी पाहा, ते योग्यच आहे. पण तो आवाज आणि ती उष्णता कुणाच्या खिडकीपुढे जाऊन पडतात, तेही पाहा, आणि ते भर उन्हाळ्यात पाहा. तिथे काम करणारे माणूस ‘मला काही होत नाही’ म्हणाले, तर नुसते ऐकून मागे फिरू नका. आत जा आणि त्याच्या कपाळाला हात लावा.