वाट्याचं सोयाबीन

सकाळी साडेसातला द्वारकाबाईंनी बिडकीनजवळच्या शेतात उभी मका कमरेतून कापायला घेतली. कणसांत दाणा भरलेला नव्हता. दुपारपर्यंत दहा गुंठे कापून झाले.

नवरा गेल्यावर घरात चुली दोन झाल्या होत्या, पेरणी मात्र एकच राहिली. दोन ओळी मका, दोन ओळी सोयाबीन. मका धाकटे दीर रामकिसन यांची, सोयाबीन द्वारकाबाईंचं. त्यांचा वर्षाचा खर्च त्यावरच.

यंदा कृषी संशोधक विश्वजीत यांनी हे शेत प्रयोगाला घेतलं. सोयाबीन मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र मिळवतं, जमिनीतला बराचसा मकेला उरतो. दोन्ही पिकं मिळून किती नत्र उचलतात, हे त्यांना मोजायचं होतं. मकेला युरियाच्या लहान-मोठ्या दोन मात्रांपैकी एक द्यायला सुचवलं होतं. रामकिसन यांनी मोठी निवडली. मका डोक्यावर गेली. खालचं सोयाबीन सावलीत पिवळं पडलं, फुलं गळाली.

आदल्या आठवड्यात विश्वजीत यांनी सोयाबीनचं एक रोप उपटलं. मुळांवर गाठी जेमतेम होत्या.

"तुमचं पीक मागं पडलंय, मावशी. पण दोन्ही मिळून बघितलं तर शेतानं नत्र चांगला उचललाय."

"मिळून कोन खातंय, साहेब?"

विश्वजीत यांनी रोप पिशवीत घातलं. वाटणी हा प्रयोगाचा भाग नव्हता.

रामकिसन बांधावरून म्हणाले, "सावली हाय तवर बसून घ्या की, वहिनी. फुकटची हाय."

मका कापल्याचं कळल्यावर ते शेतात आले. आवाज चढवला नाही. चार माणसांदेखत म्हणाले, "जिनं कापली तिची मका. सोयाबीन आता माझं."

"भाऊजी, माझा वाटा हाय त्यो!"

"वाटा तुम्हीच मोडला. न्या चारा. म्हशी नायत तुमच्याकडं, पर न्या."

कोणी मध्ये पडलं नाही. एकजण हसला.

ऊन मिळाल्यावर सोयाबीन हिरवं झालं. नवी फुलं आली, शेंगा धरू लागल्या. विश्वजीत यांनी तो भाग प्रयोगातून वगळला. सरपंचांनी दोनदा बैठक बोलावली; रामकिसन दोन्ही वेळा आले नाहीत.

सोमवारी त्यांनी सोयाबीनभोवती बाभळीच्या काट्या लावल्या. मंगळवारी सकाळी द्वारकाबाई त्या बाजूला सारून तण उपटायला आत गेल्या. तेव्हापासून रामकिसन औताचे बैल सोडून, त्यांच्यावर नजर ठेवून बांधावर उभे आहेत.